स्वस्तातली चावी

जोयड्याच्या बसस्टँडवरून कचेरीकडं चढ लागतो, त्या चढावर सुमंगलाबाईंचं कॉम्प्युटर सेंटर आहे. जमिनीच्या पहाणीचा उतारा काढायचा असो, रेशनकार्डावरचं नाव सुधारायचं असो, नाहीतर पोरीच्या लग्नाची पत्रिका छापायची असो, माणूस कधी ना कधी त्या पायऱ्या चढतोच. ऑनलाइनची सगळी कामं रक्षा बघते. ती जगलबेटची, लग्न होऊन जोयड्यात आलेली, हाताला फार चपळ. पत्रिका मात्र बाई स्वतः करतात. कुणाच्या घराण्यात आधी कुलदैवत लिहायचं आणि कुणाच्यात आधी गावदेव, हे त्यांना विचारावं लागत नाही.

दिवाळीनंतर सेंटरमधली जुनी मशीनं कुरकुरायला लागली. त्यांच्यातल्या विंडोजचे दिवस भरले होते. सरकारी साइट उघडायला गेलं की 'तुमची यंत्रणा जुनी आहे' असं सांगून ती दार लावून घ्यायची. बाईंचे यजमान नागेश हुबळीला गेले आणि त्यातल्या त्यात बरी, कुठल्याशा ऑफिसात वापरून झालेली तीन मशीनं बसच्या टपावर घालून घेऊन आले. मशीनं चांगली होती, पण आतून रिकामी. दुकानदारानं आधीच सांगितलं होतं, "मशीन माझं. आतलं सॉफ्टवेअर तुमचं तुम्ही घाला."

तीन मशीनांसाठी विंडोज विकत घ्यायचं तर बाईंच्या आवाक्याबाहेरचं होतं. रक्षानं मोबाइलवर शोधाशोध केली आणि दुपारच्या चहाला बातमी आणली.

"अक्का, हे बघा. तेच विंडोज, अस्सल म्हणून लिवलंय, आणि किंमत बघा."

बाईंनी चष्मा पुढं ओढून बघितलं. मूळ किंमत खोडून खाली लाल अक्षरात नवी किंमत होती, दहावा हिस्सासुद्धा नव्हती.

"एवढं स्वस्त कसं गं?"

"ऑनलाइन हाय न्हवं. दुकानाचं भाडं न्हाई, डबा न्हाई, सीडी न्हाई. नुसती चावी पाठवतेत. आणि किती लोकांनी पाच-पाच चांदण्या दिल्यात बघा की."

बाईंना ते फारसं पटलं नव्हतं. पण स्कॉलरशिपच्या अर्जांचे दिवस तोंडावर आले होते आणि मशीनं रिकामी पडली होती. त्यांनी तीन चाव्या मागवल्या. घडीभरात रक्षाच्या व्हॉट्सअॅपवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेल्या तीन लांबलचक ओळी आल्या. त्या टाकल्या आणि मशीनं खुशाल चालू झाली. रक्षानं प्रत्येकावर एकेक झेंडू ठेवला. "बघा, उगीच भीत हुता," ती म्हणाली.

महिनाभर काही झालं नाही. मग संक्रांतीच्या पुढं-मागं एका सकाळी, अणशीच्या बसनं आलेली कॉलेजची पोरं बाकड्यावर ओळीनं बसलेली असताना, मधल्या मशीनचा पडदा काळा झाला. कोपऱ्यात अक्षरं उमटली, ही प्रत अस्सल नाही म्हणून. थोड्या वेळानं मशीन आपणहून बंद पडलं, आपणहून उठलं आणि पुन्हा बंद पडलं. अर्ज निम्मा भरलेला होता, तो गेला. दुपारपर्यंत दुसरं मशीन तसंच वागायला लागलं आणि संध्याकाळी तिसरं. पोरांना परतीची बस चुकवून चालणार नव्हतं. "उद्या या रे बाळांनो," असं सांगताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पोरांचे अर्ज रक्षा आपल्या मोबाइलवर भरत असताना बाईंनी त्या साइटवरच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री वाजल्यावर एका पुरुषाचा आवाज आला.

"हॅलो, मैं राहुल बोल रहा हूँ. बताइए मॅडम, क्या प्रॉब्लेम है?"

बाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. चिडला नाही, घाई केली नाही. ही कळ दाबा, ते उघडा, आता काय दिसतं ते वाचून दाखवा. बाई वाचत गेल्या. काही होईना. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, एक बार स्विच बंद करके प्लग निकालिए. फिर थोडा रुकिए. तुरंत चालू मत करना."

बाईंनी प्लग काढला. दोघंही गप्प झाली. आणि त्या शांततेत फोनच्या पलीकडून, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे, अगदी बारीक शब्द ऐकू आले.

"दांडेली सुटली... गणेशगुडी आली... जोयडा... कुंभारवाडा... अणशी... कद्रा... कारवार. समुद्र दिसला. हां मॅडम, अब चालू कीजिए."

बाईंचा हात प्लगवर होता तो तिथंच राहिला.

जगात ही मोजणी येणारी माणसं पंचवीस-तीसच्या वर असणं शक्य नव्हतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला बाईंनी शिकवलं होतं.

वीस वर्षांच्या मागची गोष्ट. जोयड्यात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे तहसीलदाराच्या खोलीत कापडाखाली झाकलेली वस्तू. नागेश तेव्हा गणेशगुडीला धरणाच्या कामावर होते. त्यांनी बेळगावहून तीन कॉम्प्युटर आणले, बसच्या सीटवर गोधड्यांत गुंडाळून, आजारी माणूस आणावा तसे. सोसायटीच्या मागची खोली भाड्यानं घेतली आणि बाईंनी क्लास काढला. पोरं चपला बाहेर काढून, पाय पुसून आत यायची. देवळात यावं तशी. माऊसला हात लावायच्या आधी तळवे चड्डीला पुसायची. अणशीची, कुंभारवाड्याची, आतल्या-आतल्या वाड्यांची पोरं. एका मशीनवर तिघं. एकानं माऊस धरायचा, एकानं कळा दाबायच्या आणि तिसऱ्यानं "आता माझी पाळी" म्हणून ओरडायचं.

पावसाळ्यात जोयड्याची हवा म्हणजे ओल्या फडक्यासारखी. मशीनच्या पोटात बुरशी धरायची. बाई झाकणाखाली रात्रंदिवस बारका बल्ब पेटता ठेवायच्या, अंडी उबवायला ठेवावा तसा. वीज मात्र बेभरवशाची. सुप्याचं धरण हाकेवर, तिथली वीज कुठल्या कुठल्या गावाला जाते, आणि जोयड्यात आभाळ नुसतं गुरगुरलं तरी दिवे जायचे. वीज आली की पोरं लगेच बटणावर तुटून पडायची. अशानं एक मशीन जळालं. मग बाईंनी नियम केला. वीज आली की आधी थांबायचं, मशीनला दम घेऊ द्यायचा. किती थांबायचं? पोरांना आकडे मोजायचा कंटाळा. तेव्हा बाईंनीच सांगितलं, "दांडेलीहून कारवारची बस सुटली असं समजा. एकेक गाव घ्या. समुद्र दिसला की बटण." खोलीभर पोरं एका सुरात गावं म्हणायची. कुणी घाई करून अणशी गाळली तर अणशीची पोरं भांडायला उठायची.

त्या सुरात सगळ्यात मागचा, सावकाश आवाज होता प्रज्योतचा. कुंभारवाड्याच्या पलीकडच्या एका वाडीवरचा. बाप लवकर गेलेला, आई सुंदरी रानातल्या कामावर जायची आणि तुकडाभर शेतात भात करायची. पावसाळ्यात त्या वाडीचा रस्ता तुटायचा. मॅट्रिकच्या वर्षी बाईंनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. संध्याकाळी तो त्यांच्या ओट्यावर बसून पाठ म्हणायचा, आणि सुट्टीत परत येताना पिशवीभर कणगं, तिकडचे कंद, आणायचा. पहिल्यांदा चित्र काढायला शिकला तेव्हा त्यानं गवा काढला होता, एवढा मोठा की शिंगं पडद्याच्या बाहेर गेली. "बाई, हेच्यापेक्षा मोठा पडदा न्हाई काय?" असं त्यानं विचारलं होतं.

पुढं तो बेळगावला डिप्लोमाला गेला, तिथून बेंगळूरला. 'कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय' एवढंच सुंदरीला ठाऊक होतं, आणि ते सांगताना तिचा चेहरा उजळायचा. तो घरी पैसे पाठवायचा, पण यायचा नाही. सुंदरी बाजाराच्या दिवशी सेंटरमध्ये डोकावून जायची. "बाई, कम्प्युटरमदी दिसतंय काय वो आमचं प्वार?"

"प्रज्योत?" बाई फोनमध्ये म्हणाल्या.

पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा दुसरीच कुणी पोरगी बोलली, आणि राहुल नावाचं इथं कुणी नाही म्हणाली.

रक्षा तापली होती. "अक्का, फसवलंय आपल्याला. सायबर पोलिसांत तक्रार घालूया, आजच."

"घालूया," बाई म्हणाल्या. "दोन दिवस थांब."

"का?"

बाईंनी तिला सगळं सांगितलं. रक्षा ऐकत राहिली. "तुमच्याच हाताखाली शिकला आणि तुम्हालाच..." एवढं बोलून ती थांबली, कारण बाई खिडकीकडं बघत होत्या.

त्या रात्री जेवताना नागेशनी विचारलं, "राग आला काय?" बाईंनी मान हलवली. राग आलाच नव्हता असं नाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं होतं. हिंदी बोलत, दुसऱ्याचं नाव लावून, कुठल्या तरी खुर्चीवर बसून तो पोरगा अजून गावं मोजत होता. ते त्यांना ऐकवलं नव्हतं, त्याच्या तोंडातून निसटलं होतं. त्याचं त्यांना बरंही वाटत होतं आणि वाईटही.

सकाळी त्यांनी त्याच मदतीच्या नंबरवर मराठीत मेसेज टाकला. 'प्रज्योत, तुझा आवाज मी ओळखला. मशीनचं राहू दे. तू बरा आहेस का, एवढं कळव. बाई.' दुसरं कुणी वाचेल, वाचो.

चार-पाच दिवस काही आलं नाही. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई."

"बोल."

"बाई, मला ठाव न्हवतं तुमची आर्डर हाय म्हणून. देवाशपथ."

"माझी नसती तर चाललं असतं?"

मग हळूहळू तो बोलायला लागला. आधीची नोकरी बरी होती, ती कंपनीच बंद झाली. खोलीचं भाडं, गावी पाठवायचं, सगळं अंगावर आलं. मित्राच्या ओळखीनं ही जागा मिळाली. विंडोजची एकच चावी ही माणसं शंभर जणांना विकायची. काही दिवस चालायची, मग मूळ कंपनीच्या ध्यानात यायचं आणि सगळी एकदम बंद पडायची. गिऱ्हाईक फोन करायचं. त्याला गोड बोलून, हे दाब ते दाब करून, दमवून सोडायचं, हेच त्याचं काम.

"तू दमवलं नाहीस मला," बाई म्हणाल्या. "तू खरंच दुरुस्त करायला बघत होतास."

"सवय हाय ती. जात न्हाई." जरा वेळानं त्यानं विचारलं, "तुम्हाला दुसरी चावी पाठवू? ही चांगली चालंल, मी बघून देतो."

"तुझ्याकडची चावी नको मला."

"व्हय," तो म्हणाला. "मी बी तेच म्हणत हुतो मनात. ती नकोच." आणि मग त्याचा आवाज जरा सुधारला. "बाई, एक करता येतंय. फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम असते, लिनक्स म्हणून. चोरीची न्हवं, खरोखर फुकट. जगभरची माणसं मिळून करतेत आणि सगळ्यांना वापरायला देतेत. तुमच्या मशीनांना ती बरी. पण बसवायला माणूस पायजे."

"मग ये की."

"मी?"

"तू. दांडेलीपर्यंत गाडी आहे, पुढं बस आहे. रस्ता तुला पाठ आहे."

तो हसला की रडला, फोनवरून कळलं नाही.

आणि तक्रारीचं काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घाला बाई. मी सांगतो तसं घाला. माझं नाव आलं तरी चालंल." रक्षानं त्याच्याशीच बोलून तक्रार लिहिली. ती साइट नंतर दिसेनाशी झाली. तसलीच दुसरी निघाली नसेल असं कुणी सांगावं?

शिग्म्याच्या आदल्या दिवशी प्रज्योत आला. कानाजवळचे केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं, खांद्याला पिशवी. सेंटरच्या पायऱ्या चढून दारात थांबला आणि बाहेर चपला काढायला लागला.

"अरे, राहू दे. आता कुणी काढत नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं तरी काढल्या.

बोलताबोलता कळलं, ती नोकरी गेली होती. त्यानं सोडली असं म्हणता आलं असतं, पण खरं म्हणजे काढून टाकलं होतं. बाईंशी बोलणं झाल्यापासून तो फोन करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं सांगायला लागला होता. चावी पुन्हा चालणार नाही, पैसे परत मागा, आणि जमत असेल तर हे फुकटातलं घाला, मी सांगतो कसं ते. आठवडाभर चाललं. मग मालकानं त्याचा एक फोन ऐकला.

"काय म्हणाला मालक?" रक्षानं विचारलं.

"म्हणाला, तू आमचा पगार खातोस की त्यांचा?"

रक्षाला हसू आलं. तिचा त्याच्यावरचा राग तिथं थोडा उतरला असावा, कारण तिनं त्याच्यासाठी चहा सांगितला.

दुपारभर तो टेबलाखाली वाकून, पेन ड्राइव्ह लावून, मशीनं एकेक करून उठवत होता. त्यानं कन्नड टायपिंग घातलं, मराठी घातलं. बाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मशीनं चालू होईपर्यंत दोघांचं जुनं बोलणं सुरू होतं. क्लासातला नागू आठवतो का, कीबोर्डवरचा 'ए' उखडून घरी बहिणीला दाखवायला घेऊन गेला होता तो? तो आता कद्र्याला वीजखात्यात आहे. आणि फुला? जिनं स्वतःचं नाव पहिल्यांदा छापलेलं बघून तो कागद कुणाला हात लावू दिला नव्हता? तिची पोरगी परवा इथंच अर्ज भरून गेली. एक पावसाळा होता, छपराच्या कौलातून मशीनवर पाणी यायला लागलं तेव्हा दिवसभर पोरं पाळीपाळीनं छत्री धरून उभी राहिली होती. "मी दोन पाळ्या छत्री धरली हुती," प्रज्योत म्हणाला. "माझ्या मशीनवर थेंब पडू दिला न्हाई." बाईंना हे आठवत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण विसरलेले असे किती दिवस या पोरांनी जपून ठेवले असतील.

सगळं जमलं नाही. प्रिंटर नव्या सिस्टीमला ओळखच दाखवेना, त्याच्याशी झटापट करण्यात संध्याकाळ गेली. पत्रिकांसाठीचे बाईंचे जुने फाँट त्यात उमटेनात, अक्षरांऐवजी नुसते चौकोन. शेवटी ठरलं, जुनं एक मशीन इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवायचं, फक्त पत्रिकांसाठी. "ते म्हातारं घरात बसून जप करू दे," नागेश म्हणाले.

सुंदरी बाजार करून आली ती थेट आत. मुलगा येणार हे तिला ठाऊक होतं, पण टेबलाखालून फक्त त्याचे पाय दिसत होते. तिनं त्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "आवयला तोंड दाखवायच्या आधी मशीन दिसलं तुला?"

तो घाईनं बाहेर आला, डोकं टेबलाला आपटलं. सुंदरीनं त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि तिथंच बाकड्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं पडद्याकडं बोट करून तिनं विचारलं, "हे तुज्या कंपनीचं?"

"न्हाई गे. हे कुणा एकाचं न्हाई. सगळ्यांचं. कुणीबी वापरायचं, जमलं तर सुधारायचं."

"म्हंजे गावच्या रानावाणी," सुंदरी म्हणाली. "पानं-लाकडं कुणीबी न्यायची, पन राखायची सगळ्यांनी."

"तसंच."

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि पिशवीतून फडक्यात बांधलेली कणगं बाईंच्या पायाशी ठेवली.

कंपनीचं, नोकरीचं, बेंगळूरचं तिनं तेव्हा काही विचारलं नाही. ते त्यानं वाडीवर गेल्यावर सांगितलं. काय बोलणं झालं ते बाईंना कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. शिग्म्याला सुंदरीनं बाईंना आणि नागेशना जेवायला बोलावलं तेव्हा तिचे डोळे थोडे सुजलेले होते, पण ती वाढताना वरून आग्रह करत होती आणि प्रज्योत अंगणात ढोलवाल्यांच्या घोळक्यात होता.

पावसाच्या तोंडावर त्याला हुबळीत काम मिळालं, जुनी मशीनं दुरुस्त करून विकणाऱ्या त्याच दुकानात, जिथून नागेशनी ती तीन आणली होती. दुकानदाराला आता रिकामी मशीनं विकावी लागत नाहीत. महिन्याला एकदा प्रज्योत घरी येतो. आला की जोयड्यात उतरून आधी सेंटरमध्ये डोकावतो, मग पुढची बस धरतो.

बाईंना नव्या सिस्टीमची अजून पुरती सवय झालेली नाही. परवा त्यांना पडद्यावरची एक खिडकी कुठं गेली ते सापडेना, म्हणून त्यांनी त्याला फोन केला.

"बाई, वरच्या कोपऱ्यात बघा. डाव्या हाताला."

"बघितलं. नाही."

"तुमचा डावा बाई, मशीनचा न्हवं."

"अरे, मशीनला कुठला आलाय डावा-उजवा?"

रक्षा शेजारून खिदळली. बाईंनी तिला डोळ्यानंच दटावलं आणि माऊस डावीकडं नेला. खिडकी तिथंच होती.

"सापडली," त्या म्हणाल्या. "तू जेवलास काय?"